अपघातानंतर विमा कंपनीशीं व्यवहार

रस्त्यावरील अपघात हा एका क्षणाचा प्रकार असतो. परंतु त्याचा जमाखर्च पुढें अनेक वर्षें चालू राहतो. हाड एकदांच मोडतें. पण त्या हाडाच्या बळावर चाललेली नोकरी, मुलांचें शिक्षण, घराच्या कर्जाचे हप्ते, वृद्ध आईबापांचीं औषधें ह्या सर्वांना बसलेला धक्का घरांत रोज जाणवत राहतो. अशा वेळीं इस्पितळांतील खाटेशेजारीं एखादे सभ्य गृहस्थ कागदांचें भेंडोळें घेऊन येतात, आस्थेनें विचारपूस करतात, आणि जातांना दोन-तीन ठिकाणीं सही मागतात. ते विमा कंपनीकडून आलेले असतात. त्यांच्याशीं काय बोलावें, कोणत्या कागदावर सही करावी आणि कोणत्यावर करूं नये, ह्याची माहिती सुशिक्षित घरांतही क्वचितच कोणाला असते. ती थोडक्यांत देणें हा ह्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम एका मानसिक अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. मध्यमवर्गीय मराठी घरांत दुखण्याच्या प्रसंगीं पैशाची भाषा बोलणें अप्रशस्त मानतात. "माणूस वांचला हेंच पुष्कळ झालें, आतां पैशाचें काय घेऊन बसायचें," असें वडीलधारी मंडळी म्हणतात. ही वृत्ति उदात्त खरी, पण तिचा लाभ जखमी मनुष्याला होत नाहीं. भीड ही भिकेची बहीण, असें जुने लोक म्हणत आले आहेत. कायद्यानें मिळणारी भरपाई म्हणजे कोणाचा धर्मादाय नव्हे आणि दुःखाची विक्रीही नव्हे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानें जें हिरावून घेतलें गेलें, त्याची पैशानें होण्यासारखी तेवढी भरपाई, एवढाच तिचा अर्थ आहे. ती मागण्यांत लाज बाळगण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, विमा कंपनी ही शत्रूही नव्हे आणि उपकारकर्तीही नव्हे. विमा हा करार आहे. हजारों वाहनधारकांनीं भरलेल्या हप्त्यांचा एक सांठा होतो व त्यांतून ज्यांच्यावर संकट आलें त्यांची भरपाई होते. त्या सांठ्याचा सांभाळ करणें व अवाजवी मागणी नाकारणें हें कंपनीच्या नोकराचें कर्तव्यच आहे. म्हणून त्याच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. आणि तो गोड बोलतो म्हणून आपलें हित त्याच्या हातीं सोंपविण्यांतही अर्थ नाहीं. तो आपल्या धन्याची बाजू पाहतो. जखमी मनुष्यानें आपली बाजू पाहिली पाहिजे.

ह्या विषयाचा कायदा एका दिवसांत तयार झालेला नाहीं. १९३९ सालीं मोटार वाहनांचा कायदा झाला, आणि वाहनमालकानें तिऱ्हाईताच्या इजेबद्दल विमा उतरलाच पाहिजे हें त्यांतील बंधन १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. तोंपर्यंत गरीब गाडीवानानें कोणाला चिरडलें, तर हुकूमनामा मिळूनही वसूल करण्यासारखें कांहीं नसे. १९५६ च्या दुरुस्तीनें अशा दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची सोय झाली, म्हणजे दिवाणी कोर्टाचा लांबलचक मार्ग टळला. पुढें १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यांत २०१९ सालीं मोठी दुरुस्ती झाली, आणि भरपाईसंबंधीचीं तिचीं महत्त्वाचीं कलमें १ एप्रिल २०२२ पासून चालू झालीं. आज जो व्यवहार करावयाचा तो ह्या दुरुस्त कायद्याप्रमाणें.

अपघात झाल्यावर पैसा येण्याचे मार्ग मुख्यतः तीन असतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें पुष्कळ लोक नुकसानींत येतात. पहिला मार्ग म्हणजे जखमी मनुष्याची स्वतःची आरोग्य पॉलिसी, जिला घरोघर मेडिक्लेम म्हणतात. दुसरा, स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा. वाहन स्वतः चालविणाऱ्या मालकासाठीं १५ लाख रुपयांचा असा विमा २०१८ सालीं ठरविण्यांत आला. पण तो आपल्या पॉलिसींत आहे हें कित्येक मालकांच्या कुटुंबांना ठाऊकच नसतें. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेल्यास त्याची पूर्ण रक्कम, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास निम्मी रक्कम मिळते. मात्र मालकापाशीं वाहन चालविण्याचा चालू परवाना असला पाहिजे. ह्या दोन्ही मार्गांत जखमी मनुष्य हा कंपनीचा ग्राहक असतो, आणि चूक कोणाची हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं.

तिसरा मार्ग निराळा आहे. ज्या वाहनानें धडक दिली त्याच्या मालकानें उतरलेला तिऱ्हाईताचा विमा, म्हणजे बोलीभाषेंत थर्ड पार्टी विमा, हा तो मार्ग होय. येथें जखमी मनुष्य कंपनीचा ग्राहक नसून तिऱ्हाईत असतो. म्हणून त्याला ग्राहक आयोगाकडे किंवा विमा लोकपालाकडे जातां येत नाहीं. त्याचें स्थान मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें. एकच अपघात आणि एकच जखम, तरी दारें तीन व प्रत्येकाची किल्ली वेगळी, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचा गोंधळ टळतो. एका दारानें पैसे मिळाले म्हणून दुसरें बंद होतें असेंही नाहीं. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम न्यायाधिकरणानें द्यावयाच्या भरपाईंतून वजा करतां येत नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें मार्च २०२५ मध्यें दिला आहे. ज्यानें वर्षानुवर्षें स्वतः हप्ते भरले, त्याच्या दूरदृष्टीचा फायदा दुसऱ्याच्या कंपनीनें कां घ्यावा, ही विचारसरणी सरळ आहे.

आतां प्रत्यक्ष अपघाताकडे वळूं या. पहिलें काम उपचाराचें, कागद मागाहून. ५ मे २०२५ रोजीं जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें मोटार अपघातांत सांपडलेल्या कोणालाही, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरतां उपचार मिळण्याची तरतूद आहे. जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूला पोलिसांनीं व इस्पितळानें छळूं नये, त्यानें नांव सांगितलेंच पाहिजे अशी सक्ति करूं नये, असें कलमही कायद्यांत आहे. हें लोकांना कळलें तर रस्त्याच्या कडेला तळमळणारा मनुष्य पाहून पुढें निघून जाणाऱ्यांची संख्या कमी होईल.

उपचार सुरू झाले कीं घरांतील एका जबाबदार माणसानें पोलीस ठाण्यांत जावें. इस्पितळांत दाखल करतांना ही दुखापत वाहनाच्या अपघातानें झाली आहे, असें नोंदलें गेलें कीं नाहीं तें पाहावें. "जिन्यावरून पडले" असें सोयीसाठीं किंवा कटकट नको म्हणून लिहविलें, तर तीच ओळ दोन वर्षांनीं कंपनीचा वकील वाचून दाखवितो, आणि खरा दावा खोटा ठरण्याची वेळ येते. आज अंमलांत असलेल्या नियमांप्रमाणें तपासी अंमलदारानें ४८ तासांच्या आंत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यावयाचा असतो. पन्नास दिवसांच्या आंत मधला, आणि नव्वद दिवसांच्या आंत सविस्तर अहवाल. ह्या मुदती पाळल्या जातात कीं नाहीं, ह्याची चौकशी कुटुंबानें विनयानें पण चिकाटीनें करीत राहावें. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना व विम्याची पॉलिसी ह्यांच्या नकला मिळवाव्या.

दुसरें काम वहीचें. घरांत एक जाड वही घालावी, आणि तींत अपघाताच्या दिवसापासून रोजची नोंद ठेवावी: कोणत्या डॉक्टरांनीं तपासलें, कोणतें औषध आणलें, रिक्षाला किती दिले, सोबतीला कोण राहिलें व त्याचा किती दिवसांचा पगार बुडाला, रात्रीं झोंप लागली कीं नाहीं. औषधाच्या दुकानाचीं बिलें उष्णतेनें पुसट होणाऱ्या कागदावर छापलेलीं असतात. सहा महिन्यांत अक्षरें उडून जातात. त्यांच्या छायाप्रति त्याच दिवशीं काढाव्या. क्ष-किरण चित्रें, इस्पितळांतून सोडतांना मिळालेलें डिस्चार्ज कार्ड, व्यायामोपचाराच्या पावत्या, कामावरील रजेचा दाखला, पगारपत्रकें, आयकराचीं विवरणपत्रें, बँकेचें खातेपुस्तक हीं सर्व कागदपत्रें तारीखवार लावून ठेवावीं. मूळ कागद कोणालाही देऊं नयेत. द्यावेच लागले तर पोंच घ्यावी. शाळेंतील मुलाला जसें आपलें दप्तर नीट ठेवण्यास शिकवितात, तशीच ही शिस्त आहे. आणि न्यायाधिकरणापुढें शेवटीं बोलतें तें हें दप्तरच.

तिसरें काम सहीचें. कंपनीचा चौकशी अधिकारी भेटीस आला, तर त्याचा अपमान करूं नये. पण त्याचें नांव, कंपनीचें ओळखपत्र व भेटीचा हेतु विचारून घ्यावा. गुंगीच्या औषधाखालीं असलेल्या रुग्णाचा जबाब देऊं नये. कोऱ्या कागदावर, अपुऱ्या भरलेल्या नमुन्यावर, किंवा न कळणाऱ्या भाषेंतील मजकुरावर सही करूं नये. "थोडी चूक माझीही असेल" हें वाक्य मराठी माणसाच्या तोंडीं सहज सौजन्यानें येतें. परंतु तेंच लिहून घेतलें गेलें, तर सहभागी निष्काळजीपणाचा कबुलीजबाब म्हणून भरपाईचा मोठा भाग त्यावर कापला जाऊं शकतो. जें घडलें तें खरें आणि थोडक्यांत सांगावें. अनुमानें सांगूं नयेत.

आतां तडजोडीच्या प्रस्तावाकडे वळूं. कायद्याच्या कलम १४९ प्रमाणें अपघाताची खबर मिळतांच कंपनीनें एक अधिकारी नेमावयाचा असतो, आणि त्यानें तीस दिवसांच्या आंत न्यायाधिकरणापुढें तडजोडीची रक्कम सुचवितां येते. जखमी मनुष्यानें ती स्वीकारली, तर न्यायाधिकरण तशी नोंद करतें, व नोंद मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत कंपनीनें पैसे द्यावयाचे असतात. नाकारली, तर दावा गुणदोषांवर चालतो. ही व्यवस्था चांगली आहे. साध्या इजेच्या बाबतींत तिच्यामुळें वर्षांचा कालापव्यय वांचतो. परंतु जबर दुखापतीच्या बाबतींत महिन्या दोन महिन्यांत झालेली तडजोड धोक्याची असते. हाड जुळेल कीं नाहीं, गुडघा वांकेल कीं नाहीं, दुसरी शस्त्रक्रिया लागेल काय, हें डॉक्टरांनाच त्या वेळीं ठाऊक नसतें. जी हानि अजून मोजतां येत नाहीं तिची किंमत ठरविणें म्हणजे उभें पीक न पाहतां शेत विकणें होय.

येथें एक बारीक पण फार महत्त्वाची खोंच आहे. कलम १६४ प्रमाणें, चूक कोणाची हें सिद्ध न करतां, मृत्यूबद्दल ५ लाख रुपये आणि जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळूं शकतात. अडचणींत असलेल्या कुटुंबाला ही रक्कम देवानें धाडल्यासारखी वाटते. परंतु कलम १६६ मध्यें असें म्हटलें आहे कीं, ज्यानें कलम १४९ च्या रीतीनें ही भरपाई स्वीकारली, त्याचा न्यायाधिकरणापुढील मोठा दावा संपुष्टांत येतो. म्हणजे ज्याचें खरें नुकसान पंचवीस लाखांचें आहे त्यानें अडीच लाखांच्या कागदावर सही केली, कीं बाकीचा हक्क त्या शाईबरोबरच वाळून जातो. उलट, ज्याला दुसऱ्याची चूक सिद्ध करतां येण्यासारखीच नाहीं, त्याला हेंच कलम तारक आहे. म्हणून सही करण्यापूर्वी "ही रक्कम कोणत्या कलमाखालीं?" हा एक प्रश्न प्रत्येकानें विचारलाच पाहिजे.

भरपाई मोजावी कशी, ह्याचें शास्त्र आतां बरेंच स्थिर झालें आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालच्या एका निर्णयांत इजेच्या भरपाईचीं अंगें स्पष्ट करून सांगितलीं आहेत. उपचार, औषधें, ने-आण, पौष्टिक आहार ह्यांचा खर्च हें पहिलें अंग. उपचाराच्या काळांत बुडालेलें व कायमच्या अपंगत्वामुळें पुढें बुडणारें उत्पन्न हें दुसरें. पुढें लागणारा वैद्यकीय खर्च हें तिसरें. आणि वेदना, जीवनांतील सुखांना मुकणें, आयुर्मान घटणें हीं पैशांत न मोजतां येणारीं, तरीही मोजावी लागणारीं, शेवटचीं अंगें. साध्या इजेंत ह्यांतील थोडींच लागू होतात. जबर इजेंत सर्वांचा विचार होतो. कंपनीचा प्रस्ताव पुष्कळदां पहिल्या अंगापाशींच थांबतो, कारण बिलें डोळ्यांना दिसतात आणि भविष्य दिसत नाहीं.

उदाहरणानें हें लवकर कळेल. समजा, ३४ वर्षांच्या एका सुतारकाम करणाऱ्या माणसाची दरमहा मिळकत २० हजार रुपये आहे, आणि अपघातांत त्याचा उजवा हात अधू झाला. वैद्यकीय दाखल्यांत त्या हाताचें अपंगत्व शेंकडा ४० लिहिलें आहे. कंपनीचा हिशेब असा: हाताचें ४० म्हणजे सबंध शरीराचें २०, वर्षाची मिळकत २ लाख ४० हजार, तिचे शेंकडा २० म्हणजे ४८ हजार, ह्या वयाला ठरलेला गुणक १६, एकूण ७ लाख ६८ हजार. गणितांत चूक नाहीं, पण मांडणींत दोन उणिवा आहेत. एक तर, शरीराचें अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीचें अपंगत्व ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असें सर्वोच्च न्यायालयानें त्याच निर्णयांत बजावलें आहे. ज्याला रंधा धरतां येत नाहीं व पटाशीवर ठोका मारतां येत नाहीं, त्याची कमाईची शक्ति निदान निम्मी गेली, असें म्हणणें अवास्तव नव्हे. दुसरें, मनुष्याची मिळकत पुढें वाढत जाते. २०१७ सालीं घटनापीठानें ठरविल्याप्रमाणें स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चाळीस वर्षांखालील माणसाच्या मिळकतींत भावी वाढीसाठीं शेंकडा ४० मिळवावयाचे असतात. आणि हें तत्त्व अपंगत्वाच्या दाव्यांनाही लागू आहे, असें २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. तेव्हां वार्षिक मिळकत ३ लाख ३६ हजार धरावयाची. तिचे निम्मे १ लाख ६८ हजार. त्याला १६ नें गुणलें कीं २६ लाख ८८ हजार होतात. हात तोच, वय तेंच, पगार तोच. अंतर १९ लाख २० हजारांचें. एवढ्या अंतरांत एका घराचें भवितव्य मावतें.

गुणक वयाप्रमाणें उतरत जातो: पंचविशीपर्यंत १८, छत्तीस ते चाळीस ह्या वयांत १५, सेहेचाळीस ते पन्नास ह्या वयांत १३, छप्पन ते साठ ह्या वयांत ९, आणि पासष्टीनंतर ५. त्याच हाताची इजा एखाद्या सरकारी कारकुनाला झाली आणि त्याची नोकरी व पगार कायम राहिला, तर उत्पन्नाच्या अंगाखालीं त्याला फारसें मिळणार नाहीं. पण जीवनांतील सुखांना मुकल्याबद्दल अधिक मिळावें, हेंही न्याय्य मानलें गेलें आहे. अपंगत्वाचा दाखला ज्या डॉक्टरांनीं प्रत्यक्ष उपचार केले त्यांचा किंवा शासकीय वैद्यकीय मंडळाचा असावा, आणि तो देणाऱ्यांनीं साक्षीस उभें राहण्याची तयारी ठेवावी. रुग्णाला न पाहतां दिलेल्या तयार दाखल्यांकडे न्यायालयें संशयानें पाहतात, आणि तें योग्यच आहे.

ज्यांच्या नांवावर पगारपत्रक नाहीं अशांची उपेक्षा होऊं नये. गृहिणी जखमी झाली कीं "त्यांना मिळकत नाहीं" असें म्हणून कंपनी केवळ औषधाचे पैसे देऊं करते, आणि घरचे लोकही मान डोलवितात. परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारें तें काम मोलानें करून घ्यावयाचें म्हटलें तर काय पडेल, ह्याचा हिशेब घरानेंच एकदां करून पाहावा. गृहिणीच्या श्रमाला उत्पन्नाचें मूल्य आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालच्या निर्णयांत स्पष्ट केलें आहे. दुकानदार, शिकवण्या घेणारे, फेरीवाले ह्यांच्या बाबतींतही कागदोपत्रीं पुरावा नसला तरी साक्षी व अनुमान ह्यांवरून उत्पन्न धरतां येतें.

कंपनीकडून येणारे आक्षेप ठराविक असतात. चालकापाशीं परवाना नव्हता, हा त्यांतील नेहमींचा. पुष्कळदां अशा प्रसंगीं न्यायाधिकरण कंपनीला असा हुकूम देतें कीं, तिनें जखमीला आधीं पैसे द्यावे आणि मग ते वाहनमालकाकडून वसूल करावे. म्हणून हा आक्षेप ऐकतांच दावा सोडून देऊं नये. स्वतःच्या मित्राच्या स्कूटरवर मागें बसलेल्या माणसाच्या बाबतींत मात्र सावध राहावें. केवळ कायद्यापुरत्या विम्यांत त्याच वाहनावर मागें बसलेला मनुष्य येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं म्हटलें होतें. चार पैसे अधिक भरून व्यापक पॉलिसी घेण्याचें महत्त्व येथें कळतें.

दावा करण्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हां लागू झाली, आणि तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें आहे. त्या वादाचा निकाल कसाही लागो, शहाण्या माणसानें सहा महिन्यांच्या आंत अर्ज दाखल करावा. अर्ज अपघात झाला त्या भागांतील न्यायाधिकरणापुढें, किंवा अर्जदार राहतो अथवा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणापुढें करतां येतो. सोलापूरजवळ अपघात झाला म्हणून ठाण्याच्या रहिवाशानें सोलापूरला खेटे घालण्याची आवश्यकता नाहीं. कामावर असतांना अपघात झाला असेल, तर कामगार भरपाईच्या कायद्याचाही मार्ग असतो. पण दोहोंपैकीं एकच निवडावा लागतो. स्त्रिया, मुलें, अपंग व्यक्ति, अनुसूचित जाति-जमातींचे लोक ह्यांना उत्पन्नाची अट न पाहतां विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळूं शकतो. "मिळेल त्यांतला अमुक हिस्सा द्या" अशा बोलीनें इस्पितळाच्या दारांत भेटणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावें. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली किंवा रकमेंत हिस्सा घेणारी फी ठरविणें वकिलांच्या व्यवसायनियमांनाच निषिद्ध आहे. लोकन्यायालयांत तडजोड करणें चांगलें; मात्र तेथील निवाड्यावर अपील नसतें, म्हणून तेथें जाण्यापूर्वी आपला हिशेब कागदावर मांडून न्यावा.

स्वतःच्या पॉलिसीचा दावा असेल तर रीति वेगळी. मेडिक्लेमच्या रोखविरहित उपचाराला कंपनीनें एका तासांत उत्तर द्यावें, आणि इस्पितळांतून सोडतांना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा विमा नियामक प्राधिकरणाचा २०२४ चा दंडक आहे. दावा नाकारला किंवा कापला, तर कारण लेखी मागावें. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एक महिन्यांत उत्तर आलें नाहीं किंवा तें समाधानकारक नसलें, तर एका वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय होऊं शकतो. महाराष्ट्रांत मुंबई, ठाणें व पुणें येथें लोकपालांच्या कचेऱ्या आहेत.

धडक देऊन वाहन पळून गेलें व सांपडलेंच नाहीं, तरीही कुटुंब सर्वस्वीं निराधार नसतें. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रसंगीं मृत्यूबद्दल २ लाख आणि जबर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये सरकारी योजनेंतून मिळतात. त्यापूर्वी हीच रक्कम २५ हजार व साडेबारा हजार होती.

एवढें सांगितल्यावर एक इशाराही दिला पाहिजे. हक्क मागणाऱ्याचा हात स्वच्छ असावा. वाढवून लिहिलेलें बिल, न झालेली शस्त्रक्रिया, दुसऱ्याच वाहनाचा उभा केलेला क्रमांक, असल्या युक्त्या सुचविणारे लोक भेटतात. एक खोटा कागद शंभर खऱ्या कागदांची किंमत घालवितो. आणि त्याची झळ पुढें येणाऱ्या प्रामाणिक जखमींनाही लागते, कारण प्रत्येक लबाडीनंतर कंपनीची नजर अधिक कठोर होते.

भरपाई मिळाली म्हणजेही जबाबदारी संपत नाहीं. न्यायाधिकरणें तिचा कांहीं भाग पुष्कळदां मुदतीच्या ठेवींत ठेवावयास लावतात. लोकांना तो जाच वाटतो, पण नातेवाइकांच्या उसनवारीपासून व दुकानदारी सल्ल्यांपासून तो जखमीचें रक्षणच करतो. ती रक्कम म्हणजे मोडलेल्या हातानें पुढील वीस वर्षांत जें कमावलें असतें त्याची आगाऊ दिलेली किंमत आहे. ती तशीच, महिन्या-महिन्याला पुरवून, वापरली पाहिजे.

अपघात टाळणें सर्वस्वीं कोणाच्या हातीं नसतें. त्यानंतर सावध राहणें मात्र हातीं असतें. प्रत्येक घरानें आजच आपल्या पॉलिसी कपाटांतून काढून एकदां वाचाव्या, त्या कोठें ठेवल्या आहेत हें घरांतील दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून ठेवावें, आणि वाहनाच्या विम्याची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी. ह्या कामाला अर्धा तास पुरेसा आहे.